पाण्यात टाकलेला थेंब

कापूरहोळच्या फाट्यावर उतरा. एसटी निघून जाते आणि डिझेलचा ऊन झोत पोटऱ्यांवर आपटतो. एक रस्ता भोरला चाललाय, एक नारायणपूरवरून सासवडला, आणि मधून पुणे-सातारा हायवेचा अखंड गोंगाट. टपरीवाल्यानं आत्ताच दुधाच्या पिशवीचा कोपरा कापला. पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ असं छापलंय. तो शब्द कुणी वाचत नाही. दूध पातेल्यात पडलं, आलं ठेचलं गेलं, तुमच्या हातात ग्लास आला. पण आज तो शब्द वाचा आणि लक्षात ठेवा. तो पुढं लागणार आहे.

चहा संपवा. ग्लास फळीवर ठेवा. आता डोळे मिटा आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजा.

पहिल्यांदा जाणवतं ते कानांना. हायवे गेला. इतकी शांतता की दडा बसल्यासारखं वाटतं, आणि मग त्या शांततेतून एकेक आवाज वर येतो: जात्याची घरघर, कुठंतरी रेडकाचं ओरडणं, आंब्यात लपलेला पावशा. मग पायांना कळतं. चपला नाहीत. जेठातली माती, दुपार चढलेली. तुम्ही एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागता आणि आंब्याच्या सावलीकडं धावता. सावलीत बसलेल्या दोन म्हाताऱ्या तुमच्याकडं बघून तोंडाला पदर लावतात. हसू द्या त्यांना. साल आहे १६५७. पलीकडं, वर पुरंदरावर, थोड्याच दिवसांपूर्वी शिवाजीराजांच्या राणी सईबाईंच्या पोटी मुलगा झालाय.

आणि गडावरून कापूरहोळला निरोप आलाय.

तुम्हाला वाटेल राजघराण्याचा निरोप म्हणजे तुताऱ्या, पालख्या. तसं काही दिसत नाही. गाडे पाटलांच्या घरासमोर दोन घोडी उभी आहेत, माशा हाकलत. घोड्यांच्या घामाचा खारट वास गोठ्यातल्या शेणाच्या वासात मिसळलाय. ओसरीवर पुरुष हळू आवाजात बोलतायत. आत चुलीवर भाकरी आहे. गोवऱ्यांचा धूर छपराच्या फटींतून बाहेर पडायच्या आधी तुमच्या डोळ्यांत शिरतो. आणि त्या धुरात, गाठोडं बांधत बसलेली ती: धाराऊ. गाडे पाटलांची. वर एक बाळ आहे, त्याच्या आईची तब्येत नाजूक, तिला दूध पुरत नाही. इथं एक आई आहे, तिला पुरून उरतंय. निरोप एवढाच आहे.

गाठोडं उचलायला कुणीतरी हवंय. तुम्ही उचला.

वाट लांबची नाही, पण जेठातली आहे. करवंदांच्या जाळ्यांमधून जाते. पिकलेल्या करवंदाचा आंबूसगोड वास, बोटांना लागलेला चीक, कोपरावर काट्याचा ओरखडा. बरोबरच्या बायका झपाझप चालतात. तुमची धाप त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तुम्ही तोंड मिटून घेता. अर्ध्या वाटेत धाराऊ थांबते, झाडाच्या बुंध्याला टेकते. चोळी ओली झालीय. पान्हा वेळ बघत नाही; जवळ बाळ नसलं तरी तो येतो, आणि दाटून आला की दुखतो. तिच्याबरोबरची एक बाई पदर आडवा धरते आणि धाराऊ थोडं दूध मातीत पिळून टाकते. धुळीत पांढरे थेंब पडतात आणि बघता बघता जिरून जातात. तुम्ही नजर वळवता. वळवू नका. या थेंबांसाठीच तर एवढ्या लांब आलाय.

गड जवळ येतो तसा वारा बदलतो. वर दरवाज्याशी पहारा, भाले, तेल लावलेल्या कातड्याचा वास, टाक्यातलं थंडगार पाणी. ओंजळ भरून प्या. दगडाची चव असलेलं असं पाणी पुन्हा मिळायचं नाही. मग एक अंधारी वाट, एक जाड पडदा, दाराला खोचलेली कडुलिंबाची डहाळी. आत पाऊल टाकलं की उष्णता भिंतीसारखी अंगावर येते.

बाळंतिणीची खोली. बाहेर जेठ तापलाय आणि आत निखाऱ्यांची शेगडी. ओवा, वावडिंग आणि बाळंतशेपाची धुरी नाकातून थेट मेंदूत चढते. घाम कानामागून मानेवर उतरतो. दिव्याच्या तेलाचा जड वास, ओल्या फडक्यांचा वास, हळदीचा, डिंकाचा, आणि या सगळ्याच्या तळाशी नव्या बाळाच्या टाळूचा तो वास. तो मात्र साडेतीनशे वर्षांत बदललेला नाही. पाळण्यात एक मूठभर जीव रडतोय. भुकेलं बाळ रडतं तेव्हा कुणाचा मुलगा आहे हे त्या आवाजात ऐकू येत नाही. थांबत, दम खात, मग पुन्हा रडतोय. पलीकडं, उशीला टेकून, पांढऱ्याफटक चेहऱ्याची त्याची आई सगळं बघते आहे.

धाराऊला लगेच बाळ कोणी देत नाही.

आधी एक म्हातारी सुईण पुढं येते. पाठीत वाकलेली, पण हात कसे स्थिर आहेत बघा. ती धाराऊला दिव्याजवळ बसवते आणि विचारायला लागते. गेल्या महिन्यात अंगात ताप होता का? गावात देवी आल्या होत्या का? अंगावर कुठं फोड, गाठ? तुझं लेकरू कसं हाय, वजनानं भरतंय का? जेवतेस का पोटभर? रडलीबिडली न्हाईस ना एवढ्यात? या शेवटच्या प्रश्नावर तुम्हाला हसू येईल. पण सुश्रुतसंहितेत हेच सांगितलंय: भुकेल्या, शोकात असलेल्या, दमलेल्या, ताप आलेल्या बाईचं दूध बाळाला देऊ नये. धात्री कशी असावी याचं तिथं लांबलचक वर्णन आहे. तिचं स्वतःचं मूल जिवंत आणि धडधाकट असावं, हे त्यातलं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. ज्या दुधावर एक बाळ वाढलंय, त्यावर दुसरं वाढेल. त्या काळात याहून मोठा पुरावा कुठून आणायचा?

मग काशाची वाटी येते. तिच्यात पाणी. धाराऊ वाटीवर वाकते आणि एक थेंब सोडते.

खोलीतलं बोलणं थांबतं. तुम्हीही टाचा उंचावता. थेंब पाण्यात पडतो, क्षणभर गोल राहतो, मग धुरासारखा उलगडतो. तरंगला तर वाईट. बुडून तळाशी बसला तर वाईट. तार सुटली, फेस आला, पिवळट झाक दिसली, तरी वाईट. शंखासारखं शुभ्र दूध पाण्यात सगळीकडं सारखं मिसळून गेलं पाहिजे. हीसुद्धा सुश्रुताचीच परीक्षा. दिव्याच्या उजेडात पाणी एकसारखं निळसर पांढरं होतं. म्हातारी वाटी जवळ घेते, दूर धरते, तिरकी करते. मग मान हलवते.

अजून नाही. ती धाराऊची छाती कोमट पाण्यानं स्वच्छ धुते, पहिल्या दोन-चार धारा खाली सोडायला लावते. तेही शास्त्रातलंच: आधी धुवायचं, थोडं दूध काढून टाकायचं, मग बाळाला घ्यायचं. त्या म्हातारीला जंतू हा शब्द माहीत नाही. पण शेकडो वर्षांच्या आया-आज्यांनी डोळे उघडे ठेवून जे पाहिलं ते तिच्या हातात आहे.

‘‘आता घे,’’ ती म्हणते. ‘‘घाई नगं करू.’’

बाळ तोंड फिरवतं, शोधतं, चुकतं, पुन्हा शोधतं. आणि मग रडणं मध्येच तुटतं. त्या जागी एक छोटा, ओला, ठेक्यातला आवाज सुरू होतो. त्या कोंदट खोलीत सगळ्यांचे खांदे एकदम खाली येतात. तुमचेही.

इथं थोडं बसा. घाम पुसा. मला तुम्हाला एक गोष्ट दाखवायची आहे, आणि ती या उकाड्यात बसूनच नीट दिसते. आत्ता या खोलीत नेमकी कशाची खात्री झाली? धाराऊ कोण, कुठली, हे झालं. तिचं घर, तिची मुलं, तिची प्रकृती, तिच्या गावात काय साथ आहे, हे झालं. दूध दिसायला कसं आहे, हे झालं. म्हणजे ओळख झाली. दुधाची सारी सुरक्षितता त्या ओळखीवर उभी आहे. ती ओळख लहान नव्हती, हे पुढं दिसलं. सालीना २६ होनांची तैनात तिला होती असं सांगतात; पण तिची मुलं अंतोजी आणि रायाजी हे या बाळाचे, म्हणजे संभाजीराजांचे, दूधभाऊ म्हणून लोकांच्या स्मरणात राहिले, ते काही होनांमुळं नव्हे.

पण वाटीतल्या त्या पाण्यात जे दिसत नाही, ते कुणालाच दिसत नाही. या घडीला जगाच्या पाठीवर एकाही माणसानं जंतू पाहिलेला नाही. जो पहिल्यांदा पाहणार आहे, तो लेवेनहूक, तिकडं हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात कापडाचं दुकान चालवतो आहे. युरोपातल्या अनाथालयांत फिरंगरोग दाईकडून बाळाला आणि बाळाकडून दाईला जातो, घरंच्या घरं पोखरतो. लोकांना कळतं, पण कुठून कसा गेला ते दिसत नाही. पुवानं नासलेलं दूध सुईणीला ओळखू येतं. पण शुभ्र, शंखासारखं, पाण्यात सुरेख मिसळणारं दूध आजारी असू शकतं, हे तिला कोण सांगणार? धाराऊ निरोगी होती, हे त्या बाळाचं भाग्य. किती दायांच्या, किती बाळांच्या वाट्याला ते आलं नसेल, याची नोंद कुठल्याच बखरीत नसते.

उठा. अजून एक चढ चढायचा आहे.

हा राजगड. वेल्ह्याच्या बाजूला, गुंजवणीच्या खोऱ्यावर. बाळ आता चालतंय, धाराऊच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून. पाऊस आहे, तोरणा ढगात बुडालाय आणि पद्मावतीच्या तळ्यावर थेंबांचा इतका आवाज होतोय की शेजारी उभं राहूनही ओरडून बोलावं लागतं. कपडे वाळत नाहीत. प्रत्येक गोष्टीला धुराचा आणि बुरशीचा वास. दगडी पायऱ्यांवर शेवाळ. तुम्ही घसरता, कुणीतरी दंड धरतं. आणि एके दिवशी, भाद्रपदाच्या आसपास, गडावर आवाज बंद होतात. सईबाई गेल्या. सप्टेंबर १६५९. सव्वादोन वर्षांचं पोर आईला शोधत खोल्यांतून फिरतं आणि शेवटी एका ओळखीच्या मांडीवर येऊन बसतं. ती मांडी कापूरहोळची आहे.

इथं मी तुम्हाला फार वेळ थांबवणार नाही. डोळे मिटा. या वेळी जास्त आकडे मोजा, साडेतीनशेच्या जवळपास.

लोकलचा भोंगा. मग धक्का. पाठीत कुणाचं तरी कोपर, पायावर कुणाची तरी चप्पल, आणि सायन स्टेशनच्या पुलावरून गर्दी तुम्हाला उचलून खाली उतरवते. नव्वदीतला एक नोव्हेंबर. मुंबईत याला हिवाळा म्हणतात, पण शर्ट पाठीला चिकटलाय. धारावीच्या बाजूनं कमावलेल्या कातड्याचा उग्र वास, वडे तळल्याचा वास, उघड्या गटाराचा वास, आणि रुग्णालयाच्या फाटकात शिरताच त्या सगळ्यांवर मात करणारं फिनेल. लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालय. पण रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे म्हणतात, सायन.

व्हरांड्यात चटया टाकून नातेवाईक झोपलेत. स्टीलचे डबे, थर्मास, पेपरात बांधलेली केळी. मराठी, तमिळ, हिंदी, उर्दू, तेलुगू, सगळं एकाच वेळी कानावर. बाळंतिणींच्या वॉर्डात एकेका खाटेवर जितकी गर्दी आहे तितकी गडावरच्या अख्ख्या माचीवर नव्हती. पंखा गरगरतोय, वारा लागत नाही. आणि एका टोकाला काचेचं दार. तिथं चपला काढा, हात कोपरापर्यंत धुवा. अजून धुवा. सिस्टर बघते आहे.

आत अपुऱ्या दिवसांची बाळं आहेत. दिव्याखाली ऊब देत ठेवलेली. तुमच्या तळहातापेक्षा थोडी मोठी. अकराशे ग्रॅम, तेराशे ग्रॅम. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा मोजता येतील. पुरंदरावरचं बाळ रडून भूक सांगत होतं. यांच्यात रडण्याइतकीही ताकद नाही. कुणाची आई दुसऱ्या वॉर्डात तापानं फणफणलीय, कुणाची आई वाचलीच नाही, कुणाच्या आईला अजून पान्हा फुटलेला नाही. आईचं स्वतःचं दूध मिळालं तर त्यासारखं दुसरं काहीच नाही. पण ज्यांना ते आज नाही, त्यांच्या पोटात काय घालायचं?

पूर्वी पावडरचं दूध जायचं, गाईचं दूध जायचं. आणि मग पोट फुगायचं. कोवळं आतडं सुजायचं, सडायचं. रक्तात जंतू पसरायचे आणि बाळ हातचं जायचं. इथल्या नवजात विभागात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी हे मरण रोज पाहिलं. त्यांनी विभागातून बाटल्या आणि पावडरचं दूध हटवलं. पण हटवून भागत नाही, त्या जागी काहीतरी द्यावं लागतं. पलीकडच्याच वॉर्डात पूर्ण दिवसांच्या बाळांच्या आया आहेत, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणींचं दूध चोळीत वाया जातंय. मधे फक्त एक भिंत. इंग्लंडमधलं काम पाहून २७ नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांनी इथं मातृदुग्ध पेढी सुरू केली. आशियातली पहिली.

ती कुठल्या वेळी सुरू केली हे मात्र समजून घ्या. १९८५ मध्ये एचआयव्हीचा विषाणू आईच्या दुधात सापडला होता. १९८६ मध्ये भारतात पहिले रुग्ण आढळले. पाश्चात्त्य देशांत भीतीनं दूधपेढ्या धडाधड बंद होत होत्या. दुसऱ्या बाईचं दूध, हा विचारच लोकांना विषारी वाटू लागला होता. त्या भीतीच्या ऐन भरात महापालिकेच्या एका रुग्णालयात, जिथं एका खाटेवर दोघी झोपतात, तिथं कुणीतरी म्हणालं की दूध हवंच आहे आणि ते निर्धोक करता येतं. ही हिंमत मला कुठल्याही गडाच्या चढाईपेक्षा कमी वाटत नाही.

आता चला माझ्यामागून. दूध कसं जातं ते बघा.

एक बाळंतीण खुर्चीवर बसलीय. तिचं बाळ पोटभर पिऊन मावशीच्या हातात झोपलंय. आधी स्वतःचं बाळ, मग उरलेलं, हा इथला नियम. आणि पैसे कुणालाच नाहीत. सिस्टर विचारायला लागते. ताप होता का एवढ्यात? अंगावर पुरळ? कावीळ झाली होती? कसली औषधं चालू आहेत? तंबाखू, मिस्री? रक्त कधी घेतलं होतं?

ऐकलंत? तीच सुईण आहे ही. साडी पांढरी झाली, पाठ सरळ झाली, एवढंच.

पण रक्ताचा प्रश्न नवा आहे. बाईच्या दंडातून काढलेलं चार-पाच मिलिलिटर रक्त खाली प्रयोगशाळेत गेलंय: एचआयव्ही, काविळीचा बी विषाणू, आणि सिफिलिस, म्हणजे तोच जुना फिरंगरोग. कागद परत येतो, तिन्हींपुढं निगेटिव्ह. बाई हात धुते, छाती धुते. मग दूध काढते, अंगठा आणि बोटांनी, मागून पुढं दाबत. स्टीलच्या भांड्यावर धारांचा बारीक आवाज होतो. कापूरहोळच्या वाटेवर मातीत जिरलेले थेंब आठवतात का? इथं एक थेंब सांडला तर सिस्टरच्या तोंडून ‘अरेरे’ निघतं.

बाटलीवर चिठ्ठी लागते. नाव आतल्या वहीत राहतं, बाटलीवर फक्त क्रमांक आणि तारीख. आणि पाण्याच्या वाटीच्या जागी एक काचेची बशी येते. तिच्यात अगरचा थर, थिजलेल्या खिमटासारखा. त्यावर दुधाचा थेंब पसरवून बशी उबेत ठेवायची आणि वाट बघायची. दोन दिवसांनी झाकण उघडलं तर त्या थरावर ठिपके उगवलेले असतात, ओल्या साबुदाण्यासारखे. एकेक ठिपका म्हणजे लाखो जंतू, एकाच जंतूपासून वाढलेले. बहुतेक कातडीवरचे, निरुपद्रवी. काही नसतात. जे त्या म्हातारीला कधीच दिसलं नाही, ते इथं तुमच्यासमोर उघडं आहे. वाका आणि बघा. फक्त श्वास रोखून.

आता गरम पाण्याची टाकी. खोलीत हिची घरघर सतत चालू असते. बाटल्या मानेपर्यंत पाण्यात, टाकी त्यांना हलके हलके हिंदकळवते. काचेवर वाफ धरलीय. एका बाटलीत तापमापी उभी आहे, कारण पाणी किती तापलं यापेक्षा बाटलीच्या मध्यभागी दूध किती तापलं ते महत्त्वाचं. साठ. एकसष्ट. साडेबासष्ट. सिस्टर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघते आणि वहीत वेळ लिहिते. इथून तीस मिनिटं.

उकळून का टाकत नाहीत, असं तुमच्या मनात आलंच असेल. आपल्या घरात दूध म्हटलं की उतू जाईपर्यंत तापवायचं. उकळलं तर जंतू मरतील, पण दुधात बाळाला वाचवणारं जे आहे तेही जाईल. या दुधात आईच्या शरीरानं घडवलेली प्रतिपिंडं आहेत, बाळाच्या कोवळ्या आतड्याला आतून लेप देणारी. त्यांतली बरीचशी साडेबासष्ट अंशांवर तग धरतात. दुधातल्या खास साखरा, ज्या रोगजंतूंना आतड्याला चिकटू देत नाहीत, त्या तर अजिबात हलत नाहीत. काही मात्र जातं. दुधातल्या जिवंत पांढऱ्या पेशी मरतात, चरबी पचवणारं विकर नष्ट होतं. ते जाऊ द्यावं लागतं, कारण याच उष्णतेत आणि याच अर्ध्या तासात एचआयव्ही संपतो, बाळांना छळणारा सायटोमेगॅलो विषाणू संपतो, साबुदाण्यासारखे उगवणारे बहुतेक सगळे जीवाणू संपतात. कमी तापवलं तर विषाणू उरेल, जास्त तापवलं तर दूध नुसतं पांढरं पाणी होईल. याला होल्डर पद्धत म्हणतात. होल्ड करणं, धरून ठेवणं. नाव अगदी नेमकं आहे: दूध त्या एका तापमानाला अर्धा तास नुसतं धरून ठेवायचं, ना वर जाऊ द्यायचं ना खाली.

टाकीवर बोट क्षणभरच टेकवून बघा. चटका बसतो, पण फोड येत नाही. चहाच्या पिशवीवरचा तो शब्द आठवला? त्याचाच हा थोरला, काटेकोर भाऊ.

तीस मिनिटं संपतात. बाटल्या लगेच बर्फाच्या पाण्यात. सावकाश निवू दिल्या तर कोमट दूध पुन्हा जंतूंचं घर होईल. काचेला काच लागून किणकिण होते. आणि मग पुन्हा काचेची बशी, पुन्हा एक थेंब, पुन्हा दोन दिवसांची वाट. तोवर बाटल्या उणे वीस अंशांच्या फ्रीजरमध्ये, दगडासारख्या कडक. कुणीही त्यांना हात लावायचा नाही.

दोन दिवस मी तुम्हाला उडी मारून पार करवतो. बशा टेबलावर आहेत. पहिलीचं झाकण उघडतं: कोरी. दुसरी: कोरी. एखाद्या रिकाम्या बशीकडं बघून माणसांना इतका आनंद होताना तुम्ही कधी पाहिलं नसेल. तिसरी उघडते आणि सिस्टर थांबते. कडेला एक करडा, पसरट ठिपका. काही जीवाणू स्वतःभोवती कवच करून बसतात आणि साडेबासष्ट अंशांतूनही सुटतात. एक ठिपका. ती वहीत क्रमांक बघते, फ्रीजरमधून त्या क्रमांकाच्या बाटल्या काढते आणि वितळल्यावर सिंकमध्ये ओतते. तीन-चार जणींचं एकत्र केलेलं दूध. नळ सोडते, पांढरं पाणी गोल फिरत जाळीतून खाली जातं. ती काही बोलत नाही. इथं कुणाच्या शब्दावर, कुणाच्या चेहऱ्यावर, कुणाच्या घराण्यावर दूध पास होत नाही. ज्या बायांचं दूध ती ओततेय त्या कदाचित सगळ्यांत स्वच्छ, सगळ्यांत प्रेमळ असतील. बशी ते बघत नाही.

आणि म्हणूनच पुरंदरावर जे शक्य नव्हतं ते इथं शक्य होतं. तिथं दूध द्यायला धाराऊ लागली, जिचं गाव माहीत, घर माहीत, मुलं माहीत. इथं देणारी आणि घेणारी एकमेकींना कधीच भेटणार नाहीत. एकीची भाषा दुसरीला येणार नाही, एकीचा देव दुसरीचा नसेल. ओळखीचं जे काम होतं ते आता तापमापी, घड्याळ आणि दोन बशांनी अंगावर घेतलंय. कुणी म्हणेल, त्यात मायेचं काय? मला तर वाटतं, ओळख नसलेल्या बाळासाठी खुर्चीवर बसून अर्धा तास बोटं दुखवून घेणं, याला दुसरं नाव नाही.

रात्र झाली. व्हरांड्यातले दिवे मंद. काचेच्या दारामागं सिस्टर एक छोटी बाटली कोमट पाण्यात धरून वितळवते आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकते, कोमट. अकराशे ग्रॅमच्या त्या बाळाच्या नाकातून केसासारखी बारीक नळी पोटात गेलीय. सिरिंजमध्ये दोन मिलिलिटर दूध. तुमच्या टपरीवरच्या ग्लासात तळाशी उरलं होतं, त्याहूनही कमी. दांडा दाबायचा नाही. सिरिंज उंच धरायची आणि दूध आपोआप उतरू द्यायचं. दुधाची पातळी खाली सरकते. बाळाचे ओठ हलतात, चोखल्यासारखे. दोन तासांनी पुन्हा दोन मिलिलिटर. मग पुन्हा.

सकाळी व्हरांड्यात ती बाळंतीण निघायच्या तयारीत उभी आहे. नवरा टॅक्सी बघायला गेलाय, सासूच्या काखेत पिशव्या, तिच्या हातात तिचं बाळ, टोपडं घातलेलं. काचेजवळ ती जरा थबकते. आत सिस्टर दिसते, दोघींची नजरानजर होते. बाई हातानंच विचारते: कुणाला?

सिस्टर आतल्या खाटांवरून हात फिरवते, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बाई कपाळ काचेला टेकवून बघत राहते. सगळी सारखीच दिसतात. तेवढ्यात तिच्या हातातलं टोपडं कुरकुरतं, तोंड फिरवून शोधू लागतं, आणि ती तिथंच बाकावर, सासूनं आडव्या धरलेल्या पदराआड, बाळाला पाजायला बसते.